धामातली जिलबी

लग्नकार्यातला आचारी म्हणून माझं आयुष्य गेलं, त्यामुळे लोक मला विचारतात ते मोठमोठ्या पंगतींबद्दल. कुठल्या लग्नात किती पोती तांदूळ शिजला, कुठल्या पुढाऱ्याने किती लाडू रिचवले. या अंकासाठी लिहा म्हणून सांगायला आलेल्या गृहस्थांनाही तेच हवं होतं. मला मात्र आठवतो तो मधला काळ, जेव्हा मी कढईला हात लावला नव्हता. अलीकडे माझी सून सेंद्रिय म्हणून वेगळ्या दुकानातून भाजी आणते. "दादा, चव बघा ना, किती वेगळी आहे," म्हणते. मी "हो" म्हणतो. खरं सांगायचं तर मला ती वेगळी लागत नाही. पण मी तिच्याशी वाद घालत नाही, कारण या विषयावरचा वाद मी एकदा फार जवळून पाहिला आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या बेलापूरचा. वडीलही आचारीच. बाहेरच्यांना वाटतं आचाऱ्याचं काम म्हणजे स्वयंपाक. ते अर्धंच. उरलेलं अर्धं काम पंगत ओळखण्याचं. आमच्या कॅनॉलच्या, उसाच्या भागातलं वऱ्हाड सावकाश जेवतं आणि गोडाला शेवटपर्यंत जागा ठेवतं. पाथर्डी-शेवगावकडचे पाहुणे आधी वांग्याच्या रश्श्यावर येतात, भातात आळं करून भुरकतात, आणि त्यांना रस्सा कमी पडला तर नवऱ्या मुलाच्या बापाची वर्षभर चर्चा होते. हे आधी ओळखून चुली मांडाव्या लागतात. आणि माणसाने मनाशी जेवढं ठरवलेलं असतं त्याहून चार घास जास्त गेले पाहिजेत. आमच्या धंद्यात कला म्हणतात ती एवढीच.

सत्तरनंतर पाऊस हुकायला लागला आणि बहात्तरच्या दुष्काळात तर पंगतीच बसेनात. लग्नं घरच्या माणसांत, चहा-लाडवावर उरकू लागली. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या माणसांना जिलबीची निमंत्रणं कोण देणार? माझी पातेली माळ्यावर गेली. तेव्हा माझ्या मावसभावाने सांगितलं की नगरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एका निवृत्त मास्तरांनी निसर्गोपचाराचं केंद्र काढलंय आणि त्यांना स्वयंपाकी हवाय.

त्या मास्तरांना सगळे तात्या म्हणत. हायस्कूलात शास्त्र शिकवायचे. त्यांना दम्याचा त्रास होता. कुणाच्या तरी सल्ल्यावरून त्यांनी तळलेलं, गोड, मसाला, चहा, सगळं सोडलं आणि दमा खरोखर आटोक्यात आला. मग वडिलोपार्जित जमिनीवर सात-आठ खोल्या बांधल्या, विहिरीवर भाज्यांचा मळा केला आणि त्या जागेला आम्ही सगळे नुसतं 'धाम' म्हणू लागलो. मळ्यात फक्त शेणखत. तेव्हा गावोगाव पांढऱ्या खताच्या गोण्या आणि हायब्रीडचं बियाणं यायला लागलं होतं. तात्या म्हणायचे, "ही माणसं जमिनीला दारू पाजताहेत. पीक झिंगून वाढतं. त्यात जीव नसतो."

त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "तळता येतं?"

"येतं."

"ते विसरायचं. फोडणी?"

"येते."

"तीही विसरायची. मग राहा."

मी राहिलो. पहिले काही दिवस मला स्वयंपाक न करताच पगार घेतोय, चोरी करून जगतोय असं वाटायचं. उकडलेला दुधी, कोहळ्याचा रस, मोड आलेली मटकी, एक भाकरी, लिंबू. मीठ नावाला. शेजारच्या गावातली माणसं धामातल्या जेवणाला सरळ 'गवत' म्हणायची. पण धंदा कुठलाही असो, हाताला त्यातला मार्ग सापडतोच. भाजीवर पाण्याचं झाकण ठेवून तिच्याच वाफेवर शिजवली तर ती फिकी होत नाही. तीळ कोरडे भाजून ऐनवेळी भुरभुरले तर माणसाला तेलाचा भास होतो. भाकरी जरा जास्त खरपूस केली की तिचंच तोंडी लावणं होतं. पेशंट म्हणू लागले, "पूर्वीपेक्षा बरं लागतं." तात्यांना ते फारसं आवडलं नाही. त्यांच्या मते अन्न बरं लागणं ही धोक्याची खूण होती.

पेशंट बहुतेक नगरचे व्यापारी, एखादा वकील, साखर कारखान्याच्या भागातला एखादा बागाईतदार. पोट सुटलेलं, साखर वाढलेली, गुडघे धरलेले. त्यांत मुख्य होते आमचे शेठजी. नगरला कापडाचं मोठं दुकान. तात्यांवर त्यांची अपार श्रद्धा होती. धामात येणारे निम्मे पेशंट त्यांच्याच शब्दावर यायचे. ते स्वतः वर्षातून तीनदा येऊन राहायचे.

त्यांची अडचण एकच होती. कोहळ्याच्या रसावर राहून त्यांचं वजन वाढायचं.

धामात धान्य तोलायचा काटा होता, त्यावर दर सोमवारी सगळ्यांना उभं करायचे. शेठजी उभे राहिले की तात्या वजनं पुन्हा मोजायचे. मग म्हणायचे, "शरीरात पाणी धरलंय." आणि त्यांचा रस कमी करायचे. शेठजी मान डोलावून ते स्वीकारायचे. कुंपणापलीकडे सडकेला लागून एक झोपडीवजा हॉटेल होतं, दुष्काळी कामावरच्या मुकादमांसाठी निघालेलं. शेठजी संध्याकाळी 'शुद्ध हवेसाठी' निघायचे ते थेट तिथे. परत आले की त्यांच्या अंगाला कांदाभज्यांचा वास यायचा. मी आचारी, तेल ताजं होतं की शिळं तेही मला त्या वासावरून कळायचं. एकदा मी म्हणालो, "शेठजी, तेल जुनं आहे त्याचं. पोट बिघडेल."

ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "त्याला सांगतो बदलायला."

तात्यांच्या पत्नी माई. शांत बाई. धामाचं सगळं त्यांच्या अंगावर होतं: खोल्या, अंथरुणं, दळण, पेशंटांची कुरकुर. त्यांना कसलाही आजार नव्हता. पण तात्या जे खात तेच त्या खात, इतकी वर्षं. मी एकदा सहज विचारलं, "माई, तुम्हाला कधी काही वेगळं करून देऊ का?" त्या गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "घरात दोन स्वयंपाक कशाला?" आणि पुन्हा गहू निवडू लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला. आधी पाणी फक्त पिण्यापुरतं आणि मग टँकरचं. तात्यांचा मळा डोळ्यांदेखत वाळला. दुधीचे वेल मांडवावर काळे पडून लोंबत राहिले. तात्या रोज सकाळी त्या मांडवाखाली जाऊन उभे राहायचे. मला त्यांची कीव यायची, पण माझ्यापुढे प्रश्न साधा होता. दुपारी शिजवायचं काय?

शेवटी भाजी विकत घ्यायचं ठरलं. शेजारच्या गावची सगुणाबाई पूर्वी धामाला शेणखत पुरवायची. तिची जनावरं छावणीत गेली होती, म्हणून ती नगरच्या बाजारातून भाजी आणून विकायला लागली होती. तिने पहिली टोपली उतरवली तेव्हा तात्यांनी एक दुधी उचलून उन्हात धरला.

"हा कुठला?"

"कॅनॉलवरचा. राहुरीकडचा."

"खत काय घालतात?"

"पांढरं. त्याच्याबिगर येतंय व्हय आता?" मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "मास्तर, भाजी चांगली हाय. आमी बी तीच खातो. आन् आमाला काय हुत न्हाई."

तात्यांनी दुधी खाली ठेवला. ते लपवाछपवी करणाऱ्यांतले नव्हते. मला म्हणाले, "दामोदर, आज शिजव. पण जेवणाआधी मी सगळ्यांना सांगणार आहे. ज्याला नको असेल त्याने फक्त भाकरी खावी."

त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला. टँकरवाल्याशी काही बोलणं चाललं होतं. ते येईपर्यंत पानं वाढून झाली होती आणि मंडळी जेवायला लागलीही होती. तात्या दारात उभे राहिले तेव्हा एक वकीलसाहेब शेजाऱ्याला सांगत होते, "बघा, या दुधीला मातीचा स्वाद आहे. आमच्या घरी येतो तो नुसता कापूस."

"खताविना वाढलेलं आहे ना," शेठजी म्हणाले. "जिभेला लगेच कळतं."

तात्या पुढे आले. मग नेहमीच्या, वर्गात बोलायच्या आवाजात त्यांनी सांगितलं की मळा संपलेला आहे, आजची भाजी बाजारातली आहे, रासायनिक खतावरची आहे, आणि हे आधी सांगायला हवं होतं.

मग वकीलसाहेब हसले. म्हणाले, "तात्या आपली परीक्षा घेताहेत."

"परीक्षा नाही. खरं सांगतोय."

"अहो, कळतं की आम्हाला." शेठजींनी समजूतदारपणे हात हलवला. "एवढी वर्षं इथं जेवतो आम्ही. बाजारची भाजी आणि तुमची भाजी यातला फरक आम्हाला कळणार नाही होय? दामूमहाराज, वाढा अजून."

तात्या पुन्हा सांगू लागले तशी ती मंडळी जास्तच हसली. सगुणाबाई टोपली घ्यायला थांबली होती, तिला पुढे बोलावून त्यांनी वदवून घेतलं. तिच्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही. तिला पढवून आणलंय असं त्यांना वाटलं. ती जाताना मला म्हणाली, "लई शिकल्याली मान्सं हायती वाटतं." यात टोमणा होता की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारी स्वयंपाकघरात येऊन बसले. मी भांडी घासत होतो.

"दामोदर, तुझी जीभ तयार आहे. तू सांग. आपल्या दुधीत आणि याच्यात फरक होता?"

मी खरं तेच सांगितलं. "तात्या, मला नाही कळला. ताजा होता एवढं कळलं."

"मलाही नाही कळला," ते म्हणाले. "मी सकाळी चाखून बघितला होता."

त्यांनी घासलेली भांडी पुसायला घेतली. मी आपलं काम करत राहिलो. शेवटी ते म्हणाले, "मी तळलेलं खायचं सोडलं त्याला इतकी वर्षं झाली की ते कसं लागतं हे मला नीट आठवत नाही. लोकांना मी रोज सांगतो की ते वाईट आहे. कशाबद्दल सांगतो?"

मग दोन दिवसांनी त्यांनी मला आणि माईंना बोलावून सांगितलं की येत्या रविवारी धामात जेवण करायचं. साधं नाही, लग्नातलं. मला हवं ते सामान मी मागायचं. पेशंटांना आधी कल्पना द्यायची, कुणावर सक्ती नाही. जेवढं उरेल ते सगुणाबाईच्या हाती खडीच्या कामावर पाठवायचं. माई फक्त एवढंच म्हणाल्या, "साखर आणि मैदा माझा भाऊ पाठवील नगरहून." त्यांनी हे इतक्या लगेच सांगितलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

मी शनिवारीच जिलबीचं पीठ भिजवून आंबायला ठेवलं. वांगी आणली, दाण्याचं तेल आणलं, मसाला घरी कुटला. रविवारी सकाळी कढईत तेल तापलं आणि पहिला कांदा पडला तेव्हा धामातल्या खोल्यांची दारं एकामागून एक उघडली. मला त्या आवाजाचं सुख झालं हे मी नाकारत नाही. मसालेभात, तर्री आलेली वांग्याची भाजी, कांदाभजी, मठ्ठा आणि जिलबी. जिलबीचं गुपित पिठात नसतं, ते पाकात असतं. पाक एकतारी हवा आणि कोमट हवा. गरम असला तर जिलबी मऊ पडते, गार असला तर पाक आत शिरत नाही. त्या दिवशी पाक नेमका जमला होता.

पानं मांडली. सगळे बसले. शेठजी मात्र बसले नाहीत.

ते दाराशी उभे होते, प्रवासाचे कपडे घालून. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं सगळ्यात जास्त खुशीत हे असतील.

"शेठजी, बसा," तात्या म्हणाले.

"मी चाललो, तात्या."

"का?"

"हे मला घरी मिळतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोलताना अडखळत होता. "माझ्या घरी मला कुणी नाही म्हणत नाही. बायको म्हणत नाही, सुना म्हणत नाहीत, डॉक्टरसुद्धा फी घेऊन हसतो. तुम्ही एकटे नाही म्हणायचात. त्याच्यासाठी यायचो मी. तुम्हीच कढई चढवली तर मी कुणाकडे जायचं?"

"तुम्ही सडकेवर जाऊन भजी खाता हे मला ठाऊक होतं," तात्या म्हणाले.

"मलाही ठाऊक होतं की तुम्हाला ठाऊक आहे."

हे बोलून ते गेले. त्यांची गाडी लांब जाईपर्यंत कुणी पानाला हात लावला नाही. इतक्या वर्षांत पंगतीतून रुसून उठलेली पुष्कळ माणसं मी पाहिली आहेत. मानपान राहिला म्हणून, आहेर कमी झाला म्हणून. जेवण चांगलं होतं म्हणून निघून गेलेला तो एकच माणूस.

मग तात्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. मी वाढायचा थांबलो. त्यांनी तो सावकाश चावला, मग उरलेली खाल्ली. भाजी खाल्ली, भजं खाल्लं. वर्गात उत्तरपत्रिका तपासावी तसं त्यांचं लक्ष होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "चांगलं आहे. मला वाटायचं त्याहून चांगलं आहे. पण मला याची ओढ नाही." त्यांच्या बोलण्यात हार नव्हती आणि जीतही नव्हती. हात धुवायला उठणार तेवढ्यात त्यांची नजर माईंकडे गेली.

माई त्या दिवशी पहिल्यांदाच पंगतीत बसल्या होत्या, एका टोकाला. त्या जेवत होत्या. घाई नव्हती, संकोच नव्हता. भजं मोडून वांग्याच्या रश्श्यात बुडवायचं, मग भाताचा घास, मग मठ्ठ्याचा घोट. जिलबी संपली की त्या पुढची घेत होत्या. ज्या माणसाला खाणं ठाऊक आहे त्याचा हात ओळखू येतो, त्याला शोधावं लागत नाही. माझ्या ध्यानात आलं की ही बाई लग्नाआधी उत्तम जेवणारी असणार आणि त्यानंतर फक्त सोबत म्हणून जेवत आली असणार. तात्यांच्या ध्यानात काय आलं ते मला सांगता येणार नाही. ते उभे राहून पाहत होते.

"तुम्हाला हे आवडतं," ते म्हणाले.

माईंनी मान वर केली. "आवडतं की."

"कधी बोलला नाहीत."

"विचारलं कुठं कुणी?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. विचारलेल्याचं उत्तर दिल्यासारखं बोलल्या आणि पुन्हा जेवू लागल्या. तात्या माझ्याजवळ आले, माझ्या हातातली जिलबीची परात घेतली आणि माईंपाशी जाऊन वाकले. वाढायची सवय नसल्यामुळे पाक पानाबाहेर सांडला. माईंनी तो बोटाने निपटून घेतला. पंगतीतली बाकीची मंडळी संकोचाने आपापल्या भातात बघत बसली होती.

उरलेलं जेवण सगुणाबाईने डोक्यावर घेऊन कामावर नेलं. नंतर ती मला म्हणाली, "समद्यांनी खाल्लं. म्हाताऱ्या तर जिलबीचं तुकडं पदरात बांधून पोरांना घिऊन गेल्या." तात्यांचा दमा त्या जेवणाने उठला नाही. एकाही पेशंटाला काही झालं नाही. पण शेठजी पुन्हा आले नाहीत आणि त्यांच्या शब्दावर येणारेही हळूहळू थांबले. पाऊस पडला तेव्हा विहिरीला पाणी आलं, पण खोल्या रिकाम्याच राहिल्या. तात्यांनी कुणाला दोष दिला नाही. एक दिवस मला म्हणाले, "तुझे दिवस परत आलेत, दामोदर. तू तुझ्या पंगतीत जा." मी बेलापूरला आलो. पातेली माळ्यावरून खाली काढली. शेठजींच्या जाण्याचं मात्र मला वाईट वाटतं. नगरला गेलो की त्यांच्या दुकानासमोरून जायचो. ते गादीवर बसलेले दिसायचे, दर वेळी थोडे अधिक जाड. पायरी चढून वर जायची माझी हिंमत झाली नाही. काही वर्षांनी त्या गादीवर त्यांचा मुलगा दिसला.

तात्या बरोबर होते की चूक, असं मला कुणी विचारलं तर मला उत्तर येत नाही. त्यांच्यापुरतं त्यांचं जेवण बरोबर होतं, दमा त्याला साक्षी आहे. खताबिताचं मला आजही जिभेवर कळत नाही. आणि आपल्याला कळतं असं जे सांगतात, त्यांचं मी हसत ऐकतो.

पुढे एकदा नगरला एका मोठ्या लग्नाचं काम माझ्याकडे होतं. आग्रह करायला म्हणून मी स्वतः श्रीखंडाचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होतो, तर ओळीत तात्या आणि माई शेजारी शेजारी बसलेले. तात्या बरेच थकले होते, पण श्वास सरळ चालला होता. त्यांच्या पानात वरण-भात आणि काकडीची कोशिंबीर, बाकी पान कोरं. मला ओळखून ते प्रसन्न हसले. मी श्रीखंडाचा डाव पुढे केला तसा त्यांनी पानावर आडवा हात धरला. सवयीने माझा डाव माईंच्या पानावरूनही पुढे सरकला.

माईंनी माझं मनगट धरलं.

"दामोदर, त्यांना नकोय," त्या म्हणाल्या. "मला वाढ."